अर्ध्या मिनिटाची रेकॉर्ड

दुकानात येणारा दर तिसरा माणूस मला विचारतो, "चाचा, हे अजून चालतं?" मी सांगतो, चालतं, बसा, ऐकवतो. मग तो घड्याळ बघतो आणि निघून जातो. ज्याला ऐकायला वेळ नाही तोच असले प्रश्न विचारतो, असा माझा चाळीस वर्षांचा अनुभव आहे.

दुकान सोलापुरात, विजापूर वेशीत आहे. एका बाजूला चादरीवाले, दुसऱ्या बाजूला चष्मेवाले आणि मधल्या चिंचोळ्या जागेत मी, हनीफ, जुन्या रेकॉर्डी आणि त्या वाजवायची यंत्रं घेऊन. दारावर पाटी नाही. लाऊडस्पीकरचा एक जुना कर्णा टांगलेला आहे, त्याखाली मी सापडतो. सुरुवात लाऊडस्पीकर दुरुस्त करण्यातून झाली. लग्नसराईत माढा, अकलूज, अक्कलकोट, कुठकुठले लाऊडस्पीकरवाले पडदा फाटलेली युनिटं, म्हणजे कर्ण्यामागचे आवाज काढणारे डबे, घेऊन रांगेत बसायचे. मग कॅसेट आली, सीडी आली, मोबाईल आला आणि रांग संपली. मी रेकॉर्डी विकत घेऊन ठेवत राहिलो, कारण लोक त्या भंगारात घालत होते आणि मला ते बघवत नव्हतं. घरचे म्हणाले, याला वेड लागलंय. आता तसलीच वेडी मंडळी पुण्या-मुंबईहून गाडी करून माझ्याकडे येतात.

ज्यांना या धंद्यातलं काही ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. रेकॉर्डच्या एका बाजूला पुष्कळ रेघा दिसतात, पण ती एकच खाच असते. बाहेरच्या कडेपासून गोल गोल फिरत ती आत जाते. सुई त्या खाचेतून चालते, थरथरते आणि त्या थरथरण्याचा आवाज होतो. सुई जितक्या वेळा जाईल तितकी खाच झिजते. म्हणून रेकॉर्ड हातात आली की मी ती आधी दिव्याखाली तिरपी धरतो. झिजलेली खाच राखाडी दिसते, न वाजलेली काळीभोर चमकते. कुठलं गाणं घरात आवडायचं, कुठलं कुणी कधीच लावलं नाही, हे मला न वाजवता सांगता येतं. एकदा एका बाईंच्या वडिलांच्या रेकॉर्डी बघून मी म्हणालो, तुमच्या वडिलांना दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं फार आवडायचं. बाई एकदम रडायला लागल्या. तेव्हापासून मी हे तोंडाने बोलत नाही.

वाकडी झालेली रेकॉर्ड सरळ करायला बाहेरचे लोक महागडं यंत्र घेतात. मला सोलापूरचं ऊन पुरतं. जाड काचेच्या दोन तावदानांत रेकॉर्ड ठेवायची आणि चैत्र-वैशाखात गच्चीवर पाऊण तास. एक मिनिट जास्त झालं तर पोळी, कमी झालं तर वाकडी ती वाकडीच. गच्चीवर त्याच दिवसांत आमच्या बेगमचे पापड असतात. जागेवरून भांडण झालं की तिचा निकाल ठरलेला, "पापड पहले, बाजा बाद में."

गिऱ्हाइकांचे नमुने सांगायचे तर हा दिवाळी अंक पुरणार नाही. एक गृहस्थ रेकॉर्डला भोक पाडून भिंतीवरचं घड्याळ करायला आले होते. त्यांना मी म्हणालो, तुमच्या पाठीला काटे लावून टांगलं तर चालेल का? ते परत आले नाहीत. एका हॉटेलवाल्याला पन्नास रेकॉर्डी हव्या होत्या, कुठल्याही चालतील, फक्त काळ्या हव्यात. त्यांनाही मी चहा पाजून वाटेला लावलं. धंद्यात असं वागू नये हे मला कळतं, पण जमत नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येतो.

माझ्या गिऱ्हाइकांत पुण्याच्या एक दातांच्या डॉक्टर आहेत, मुग्धा मॅडम. वय चाळिशीच्या पुढे, दवाखान्यात पांढरा कोट आणि सुट्टीच्या दिवशी काळा टीशर्ट. त्यांना हार्ड रॉकचं वेड. हे संगीत मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा उठून स्पीकर तपासला होता. विजेची गिटार इतक्या जोरात की पडदा फाटलाय असं वाटावं, मागे ढोलांचा दणका आणि गाणारा माणूस सावकाराच्या दारात उभा राहून भांडल्यासारखा ओरडत असतो. आयुष्यभर मी फाटका आवाज दुरुस्त करून पोट भरलं, आणि हे गोरे लोक तोच आवाज मुद्दाम काढून जगभर विकत होते. हसावं की रडावं कळेना. पण मॅडमच्या नादाने ऐकत गेलो आणि एका दुपारी लक्षात आलं की माझा पाय ताल धरतोय. आता मला ते आवडतं. घरात सांगत नाही एवढंच.

मॅडम बारा वर्षं एका रेकॉर्डच्या शोधात होत्या. विलायतेतल्या एका बँडची, त्या लोकांत फार मानली जाणारी. बँडचं नाव मी लिहिणार नाही, कारण लिहिलं तर दिवाळीत निम्मं सोलापूर माळ्यावर चढेल आणि कुणीतरी कंबर मोडून घेईल. तर ती रेकॉर्ड जगात सगळीकडे मिळते. पण त्या काळी ती आपल्या देशातही छापली गेली, अगदी थोडी. बाहेरचं कव्हर लालभडक होतं, इथल्या छापखान्यात मात्र ते एकाच निळ्या शाईत उरकलं. त्या निळ्या कव्हरसाठी लोक जीव टाकतात. मॅडम दर भेटीत विचारायच्या, "हनीफचाचा, निळी आली का?" आणि मी दर भेटीत मान हलवायचो.

गेल्या वर्षी एका भंगारवाल्याने फोन करून बोलावलं. माढ्याकडच्या खेड्यातून एका लाऊडस्पीकरवाल्याचं सगळं सामान त्याच्याकडे आलं होतं. लाकडी पेटीत छोट्या रेकॉर्डी, सिनेमातल्या गाण्यांच्या, प्रत्येकीच्या पोटावर जांभळा शिक्का. लाऊडस्पीकरवाल्यांची ती रीतच होती. एका मांडवात दोघे आले तर रेकॉर्डींची अदलाबदल होऊ नये म्हणून ते प्रत्येक रेकॉर्डवर शिक्का मारायचे. सोबत सुटकेसएवढा प्लेअर होता. आणि पेटीच्या तळाशी एकच मोठी, बिनशिक्क्याची रेकॉर्ड होती, निळ्या कव्हरात.

मी तिथेच खाली बसलो. भंगारवाल्याला वाटलं चक्कर आली, त्याने पाणी आणलं. पाणी पिऊन मी सगळं सामान एकगठ्ठा विकत घेतलं, चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही आणि दुकानात येऊन शटर अर्धं खाली ओढून ती रेकॉर्ड दिव्याखाली धरली. असं मी आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं. पहिल्या बाजूची कड, साधारण अर्ध्या मिनिटाचा भाग, झिजून राखेसारखा झाला होता. त्यावरून हजारो वेळा सुई गेली असावी. आणि त्याच्या आत सगळी रेकॉर्ड कोरी करकरीत, आरशासारखी. दुसऱ्या बाजूला तर सुईचा स्पर्शही झालेला नव्हता.

कुणीतरी ही रेकॉर्ड हजार वेळा लावली आणि हजार वेळा अर्ध्या मिनिटात काढून ठेवली. का, ते काही केल्या कळेना. मी मॅडमना फोटो पाठवला. त्यांचा फोन आला तेव्हा मागे कुणीतरी तोंड उघडून खुर्चीत बसलेलं असावं, कारण त्या कुजबुजत ओरडत होत्या. येत्या रविवारी सकाळच्या गाडीने येते, असं ठरलं.

रविवारी त्या अकराला आल्या. त्यांनी हात धुतले, रुमालाने पुसले आणि रेकॉर्ड दोन तळव्यांत कडेने धरली. डोळे भरून आले होते. म्हणाल्या, आता ही प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवणार, वाजवणार नाही, वाजवायला माझ्याकडे दुसऱ्या आहेत. ज्याचा त्याचा शौक.

तेवढ्यात दारात एक म्हातारे आले. धोतर, पांढरा सदरा, डोक्याला टोपी, हाताला धरून एक तिशीतली बाई. तिने सांगितलं, हे तिचे सासरे, सिद्राम अण्णा. माढ्याजवळ त्यांचं साउंड सर्व्हिसचं काम होतं. मुलाने जागा करायची म्हणून जुनी पेटी भंगारात दिली आणि अण्णांनी तेव्हापासून आठवडाभर जेवण नीट घेतलं नव्हतं. सून, सुरेखा तिचं नाव, भंगारवाल्याला गाठून माझ्यापर्यंत पोचली होती. अण्णांचा डावा कान केव्हाच गेला होता, उजवा जायच्या वाटेवर होता. कानाचे डॉक्टर रविवारीही तपासतात, आज त्यांची वेळ होती, म्हणून सोलापूरला आणलं, तर आधी इथंच यायचा हट्ट.

मी अण्णांच्या उजव्या कानाशी जाऊन विचारलं, काय हवंय? ते म्हणाले, "टेस्टिंगची रेकॉर्ड."

मग त्यांनी जे सांगितलं ते असं. फार वर्षांपूर्वी सोलापुरातल्या एका रेकॉर्ड विक्रेत्याने गाण्यांच्या रेकॉर्डींबरोबर ही एक न खपणारी इंग्रजी रेकॉर्ड त्यांच्या गळ्यात मारली. अण्णांनी लावून बघितली तर पहिल्याच दणक्यात कर्णा असा घणघणला की युनिटातला दोष लगेच कळला. सिनेमाचं गाणं हळू सुरू होतं, त्यात फाटलेला पडदा कळत नाही, कळतो तो मंगलाष्टकांच्या मधे आणि मग अब्रू जाते. तेव्हापासून प्रत्येक लग्नात, कर्णा झाडाला बांधून झाला की अण्णा ही रेकॉर्ड लावायचे. अर्धं मिनिट. आवाज चोख निघाला की सुई उचलायची आणि गाणी सुरू.

म्हणजे त्या भागातल्या दोन पिढ्यांची लग्नं विलायतेच्या हार्ड रॉकने सुरू झाली होती आणि कुणालाच त्याचा पत्ता नव्हता. मुग्धा मॅडमनी तोंडावर हात ठेवला.

"फुडं काय हाय त्यात, ते मी कदी ऐकलंच न्हाय," अण्णा म्हणाले. "जरा फुडं जाऊ दिलं की नवरीचा बाप पळत यायचा, म्हनायचा, अण्णा, लगीन हाय का मारामारी? घरी लावावी तर बॅटरी लग्नासाठी राखायची. म्हनलं, म्हातारपनी ऐकू निवांत. आता कान चाललाय. एकदा शेवटपतुर ऐकवा, मग ज्याची त्याला देऊन टाका."

मी मॅडमकडे बघितलं. रेकॉर्ड अजून माझीच होती, पण शब्द त्यांना दिलेला. कोऱ्या खाचेवरून सुई गेली की ती कोरी राहत नाही, आणि बारा वर्षं वाट बघितलेल्या माणसासाठी ही लहान गोष्ट नव्हे. त्यांनी रेकॉर्ड माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, लावा, पण तुमच्या चांगल्या सुईवर.

माझ्याकडे खास गिऱ्हाइकांसाठी एक उत्तम टर्नटेबल आणि दोन मोठे स्पीकर आहेत. अण्णांना स्पीकरच्या पुढ्यात खुर्ची दिली. रेकॉर्ड हलकेच पुसली आणि सुई टेकवली. झिजलेल्या भागाची खरखर आली, तिच्यातून गिटार आली, ढोल आले. दहा-पंधरा सेकंद गेली आणि अण्णांनी हात वर केला.

"हे न्हवं."

मी सुई उचलली. म्हटलं, अण्णा, हीच ती, तुमच्याच पेटीतली. पुन्हा पहिल्यापासून लावली. त्यांनी कान पार स्पीकरला लावला, डोळे मिटले आणि मान हलवली.

"न्हाय. माझ्या रेकॉर्डीचा आवाज मला कळत न्हाय व्हय? ही दुसरीच कुनाची तरी हाय. माझी गेली बगा."

सुरेखा ओशाळली. म्हणाली, मामांचं अलीकडं असंच होतं, मनावर घेऊ नका. अण्णा उठले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, तक्रार नव्हती, आणि तेच मला जास्त लागलं. सुरेखाने माझा नंबर घेतला, आपला दिला आणि ती दोघं रिक्षाने कानाच्या दवाखान्याकडे गेली.

आता खरं सांगायचं तर मला तेव्हा वाईट वाटलं त्याहून जास्त हायसं वाटलं. म्हाताऱ्या माणसाची आठवण दगा देते, कान साथ देत नाहीत, आपण काय करणार? मॅडमचा सौदाही मोकळ्या मनाने होत होता. त्या सुटकेमुळेच माझं डोकं चाललं नाही. मॅडमनी रेकॉर्ड पिशवीत घातली, पिशवी छातीशी धरली आणि दुपारच्या गाडीसाठी स्टेशनवर गेल्या.

मी डबा खाल्ला आणि अण्णांचं बाकीचं सामान आवरायला घेतलं. छोट्या रेकॉर्डी एका बाजूला लावल्या. प्लेअरचे सुटे भाग उपयोगी पडतील म्हणून तो उघडला. वेग बदलायची दांडी मुळापासून तुटलेली होती. आतला भाग पंचेचाळीसवर गंजून घट्ट बसला होता, पकडीनेही हलेना.

मी पकड हातात धरून तसाच उभा राहिलो. छोट्या रेकॉर्डी मिनिटाला पंचेचाळीस फेरे घेतात, मोठ्या तेहेतीस. अण्णांच्या पेटीत सगळ्या छोट्या, एक ही मोठी. त्यांच्या यंत्राला दुसरा वेगच नव्हता. टेस्टिंगला वेग कोण बघतो? कर्णा घणघणला की काम झालं. अण्णा आयुष्यभर ती रेकॉर्ड सव्वापटीहून जास्त वेगाने पळवत होते आणि मी त्यांना ती तिच्या खऱ्या चालीने ऐकवली होती. त्यांची आठवण पक्की होती. चुकलो होतो मी, चाळीस वर्षं या धंद्यात घालवलेला, ज्याला न वाजवता रेकॉर्ड वाचता येते म्हणून मिरवायची सवय.

मॅडमना फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. कानात त्यांचं ते संगीत असणार. स्कूटरला किक मारली, ती माझ्यासारखीच जुनी, चौथ्या किकला सुरू झाली. दुकान चष्मेवाल्याच्या भरवशावर उघडंच टाकलं. वाटेत दोन सिग्नल होते, त्यांच्याविषयी मी इथे लिहीत नाही. स्टेशनच्या जिन्यावर माझा दम गेला. गाडी लागलेली होती. डब्याडब्यात डोकावत गेलो आणि सातव्या डब्याच्या दारात त्या दिसल्या, बॅग वर ठेवायच्या बेतात.

मी धापा टाकत सांगायला लागलो. दांडी, पंचेचाळीस, छोट्या रेकॉर्डी, सगळं उलटसुलट. त्यांनी कानातले इअरफोन काढले आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. सांगून झालं तेव्हा गाडीने शिट्टी दिली.

"म्हणजे त्यांनी ओळखलं नाही, कारण आपण चुकीची वाजवली?" त्यांनी विचारलं.

"आपण बरोबर वाजवली. तेच चुकलं."

त्या बॅगेसकट खाली उतरल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचे पेशंट होते. गाडी गेली, आणि गेली तरी त्यांनी तिच्याकडे वळून पाहिलं नाही. माझ्या स्कूटरवर मागे बसल्या, रेकॉर्ड माझ्या पाठीला आणि त्यांच्या पोटाला चिकटून दुकानात आली.

सुरेखाला फोन केला. तपासणी होऊन ती दोघं एसटी स्टँडला निघाली होती. म्हटलं, रिक्षा फिरवा, अण्णांची रेकॉर्ड सापडलीय. ती येईपर्यंत मी शिडी लावून दारावरचा कर्णा उतरवला. त्यातली माती काढली, नवं युनिट बसवलं, ॲम्प्लिफायरला जोडलं आणि कर्ण्याचं तोंड दुकानाच्या आत, खुर्चीकडे केलं. टर्नटेबल पंचेचाळीसवर ठेवलं. मॅडम प्रत्येक वायर माझ्या हातात देत होत्या.

अण्णांना खुर्चीत बसवताना सुरेखा हळूच म्हणाली, डॉक्टरांनी सांगितलंय, जेवढं ऐकायचं तेवढं आता ऐकून घ्या. अण्णा आमच्याकडे संशयाने बघत होते. पुन्हा तीच रेकॉर्ड बघून ते उठायला लागले. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि सुई टेकवली.

कर्णा फुटतो की काय अशी गिटार आली. वेगाने, कर्कश, अंगावर धावून येणारी. चष्मेवाला बाहेर आला. चादरीवाल्याकडची दोन गिऱ्हाइकं बाहेर आली. आणि अण्णांच्या चेहऱ्यावर जे झालं ते लिहायला मला जमणार नाही. त्यांनी खुर्चीच्या हातावर थाप मारली. "हीच! हीच ती!"

रस्त्याने डोक्यावर पाटी घेऊन केळीवाल्या बाई चालल्या होत्या. साठीच्या असतील. त्या थबकल्या, पाटी उतरवली आणि दारातून आत बघत विचारलं, "कुनाचं लगीन हाय वो?" मी विचारलं, कुठल्या तुम्ही? उजनीच्या काठच्या, माढ्याकडच्या. माझ्या लग्नात हे वाजलं होतं, त्या म्हणाल्या, ह्यो आवाज झाला की लगीन लागतंय म्हनून आमी घरातनं बाहेर यायचो बगा. मॅडम एकाच वेळी हसत आणि डोळे पुसत होत्या. मी तर आधीच रडत होतो, लपवायचं काय त्यात?

अर्धं मिनिट होत आलं. आणि अण्णांचा उजवा हात आपोआप पुढे झाला. बोटं सुईच्या दांडीकडे गेली, उचलायला. इतक्या वर्षांची सवय. मी त्यांचा हात धरला. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मग त्यांच्या ध्यानात आलं. हात तसाच माझ्या हातात राहिला.

सुई झिजलेल्या भागातून कोऱ्या भागात शिरली. खरखर बंद झाली. आवाज इतका लख्ख झाला की कुणीतरी खिडकी उघडली असं वाटलं. ढोल एकीकडे, गिटार दुसरीकडे आणि मग तो गाणारा माणूस आला. अण्णांनी माझा हात दाबला.

"ह्यात मानूस बी हाय?" ते म्हणाले.

इतकी वर्षं त्यांना वाटत होतं की ती नुसती वाजवायची रेकॉर्ड आहे. गाणारा अर्ध्या मिनिटानंतर सुरू होतो. त्यांनी पहिली बाजू शेवटपर्यंत ऐकली, कर्ण्याजवळ उजवा कान नेऊन, डोळे उघडे ठेवून. मधे एक संथ गाणं आलं तेव्हा सुरेखा पदराने त्यांच्या गालावरचं पाणी टिपत राहिली. केळीवाल्या बाई पायरीवर बसून होत्या. बाजू संपली आणि सुई आतल्या कडेला नुसती फिरत राहिली, तरी कुणी हललं नाही.

मग मी अण्णांच्या कानाशी वाकून खरं काय ते सांगितलं. तुमच्या यंत्राची दांडी तुटली होती, ही रेकॉर्ड मुळात सावकाश वाजते, मघाशी मी तशी लावली म्हणून तुम्हाला ओळखू आली नाही. मला वाटलं त्यांना वाईट वाटेल. त्यांनी टोपी सारखी केली.

"म्हंजे माझ्यापाई ती बिचारी जलमभर पळतच हुती की."

मॅडम त्यांच्यासमोर गुडघ्यावर बसल्या आणि निळं कव्हर त्यांच्या मांडीवर ठेवून म्हणाल्या, अण्णा, ही तुमची, तुम्ही घेऊन जा. अण्णांनी कव्हरवरून हात फिरवला आणि ते परत त्यांच्या हातात दिलं.

"तुमी न्या, पोरी. पर वाजवत जावा. मी अर्ध्यात काढली, तसं तुमी करू नका."

मॅडमनी मान डोलावली. त्यांनी आणलेली प्लास्टिकची पिशवी बराच वेळ टेबलावर पडून होती.

उन्हं कलली होती. माढ्याची एसटी चुकणार होती, सुरेखा घड्याळाकडे बघत होती. मी टर्नटेबलकडे वळलो, रेकॉर्ड उचलायला. अण्णांनी मला थांबवलं आणि खुर्चीत नीट मागे टेकून बसले.

"दुसरी बाजू लावा," ते म्हणाले. "आन् तिच्या चालीनं लावा. आता मांडवात कोन खोळंबलंय?"